बंदिवासातला नेम

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या मुलांना घेऊन मी अहमदनगरचा भुईकोट किल्ला पाहायला गेलो होतो. २०२४ पासून त्या शहराला आपण अहिल्यानगर म्हणतो. मुलांना निजामशाही सांगून झाली, चांदबिबी सांगून झाली, १८०३ साली इंग्रजांनी किल्ला कसा घेतला तेही सांगून झाले. मग आम्ही त्या बराकीपाशी आलो, जिथे १९४२ साली काँग्रेसच्या कार्यकारिणीतल्या बारा पुढाऱ्यांना आणून ठेवले होते. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपल्याकडचे शंकरराव देव अशी ती मंडळी. एक मुलगा खोलीच्या दाराशी बराच वेळ घुटमळत उभा होता. मला म्हणाला, "सर, इतके दिवस ह्यांनी इथं केलं तरी काय? मी तर दोन दिवसांत वेडा झालो असतो."

"वाचत होते, लिहीत होते," असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. पोराचे काही समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक खटले सांगतो, भाषणे सांगतो, सनावळी सांगतो. आणि मधल्या काळाबद्दल 'त्यांनी कारावास भोगला' एवढे एक वाक्य लिहून पुढच्या पानाकडे वळतो. पण त्या एका वाक्यात सकाळी किती असतात पहा. लोकमान्य टिळकांच्या मंडालेच्या शिक्षेत दोन हजारांवर सकाळी होत्या. नेहरूंच्या त्या शेवटच्या तुरुंगवासात एक हजार एकेचाळीस. त्यातली प्रत्येक सकाळ उजाडली तेव्हा त्या माणसाला उठावेसे वाटले की नाही? उठून त्याने काय केले? खचलेले मन पुन्हा उभे कसे केले? हा प्रश्नही इतिहासाचाच आहे, आणि तुमच्याआमच्या घरातलाही आहे. म्हणून त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात मंडालेपासून करू.

१९०८ सालच्या जुलै महिन्याच्या २२ तारखेला, रात्री उशिरा, मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्नावे वर्ष पुरे व्हायचे होते. काही दिवस साबरमतीच्या तुरुंगात काढल्यावर सप्टेंबरात त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला नेले. शिक्षा पुढे साध्या कैदेची झाली, म्हणजे दगड फोडायचे नव्हते. पण जागा कशी? लाकडी फळ्यांची बराक. उन्हाळ्यात आग, हिवाळ्यात गारठा, वारा सुटला की धूळ थेट आत. पुढे १९२५ च्या सुमारास सुभाषबाबूंना त्याच तुरुंगात ठेवले होते; अशा लाकडी पिंजऱ्यात टिळकांनी सहा वर्षे कशी काढली असतील, याचे नवल त्यांनी लिहून ठेवले आहे.

त्यात टिळकांना मधुमेह. आज आपण म्हणू, गोळी घ्या, इंजेक्शन घ्या. पण श्रोतेहो, इन्शुलिन हे औषध माणसाला पहिल्यांदा टोचले गेले ते १९२२ साली. १९०८ मध्ये मधुमेहाला पथ्यावाचून दुसरा आधार जवळजवळ नव्हताच. टिळकांनी ते पथ्य कसोशीने पाळले. जवाच्या पिठाचे पदार्थ, दूध, असा त्यांचा साधा आहार. स्वयंपाकाला एक मराठी कैदी दिलेला होता. त्या माणसाने पुढे ज्या आठवणी सांगितल्या, त्यांतून टिळकांचा दिवस आपल्याला कळतो. पहाटे उठणे, स्तोत्रे म्हणणे, स्नानसंध्या, मग वाचन. ठरल्या वेळी जेवण, आवारात फेऱ्या, पुन्हा वाचन आणि लेखन. त्यात चमत्कार काही नाही. आपल्या गावातला एखादा जुना शास्त्रीबोवा असाच राहत असेल. फरक इतकाच, की शास्त्रीबोवांच्या भोवती गाव असते, आणि टिळकांच्या भोवती ओळखीचे असे कोणीच नव्हते. उठला नाहीस का, जेवला नाहीस का, असे विचारणारे घरचे माणूस नसताना हा नेम चालला.

याच नेमात १९१०-११ च्या हिवाळ्यात, चारपाच महिन्यांत, 'गीतारहस्य' लिहून झाले. शाई मिळत नव्हती, शिसपेन्सिलीने लिहायचे. वह्यांची पाने मोजून दिलेली, एखादे फाडायचीही मुभा नाही. एवढा मोठा ग्रंथ एखाद्या रात्री अंगात येऊन लिहिला जात नाही. आज चार पाने, उद्या चार पाने, असाच तो होतो. याच काळात त्यांनी जर्मन आणि फ्रेंच पुस्तके वाचण्यापुरत्या त्या भाषाही पुस्तकांवरूनच शिकून घेतल्या. पन्नाशी उलटलेला, आजारी, सुटका होईल की नाही याची खात्री नसलेला माणूस नव्या भाषेची बाराखडी गिरवतो! आपल्याकडे चाळिशीतला शिक्षकही म्हणतो, आता या वयात काय शिकायचे.

आणि मग जून १९१२ मध्ये पुण्याहून तार आली. सत्यभामाबाई वारल्या. एकेचाळीस वर्षांचा संसार. शेवटची भेट नाही, दर्शन नाही. टिळक धीराचे पुरुष होते असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण त्यांनी घरी जे पत्र लिहिले त्यात या धक्क्याने आपण हललो आहोत हे लपवले नाही. आणि त्याच पत्रात मुलांच्या अभ्यासात खंड पडू देऊ नका, अशी काळजीही केली. मला हे पत्र फार महत्त्वाचे वाटते. नेम पाळणारा माणूस दगड होत नाही. त्याला दुःख तितकेच होते, कदाचित जास्त होते. पण दुसऱ्या दिवशी पाय कुठे ठेवायचा हे त्याला ठाऊक असते. १६ जून १९१४ च्या रात्री त्यांना पुण्यात आणून सोडले, आणि वर्षभरात 'गीतारहस्य' छापून लोकांच्या हातात पडले.

इथे एक मागची गोष्ट जोडतो. टिळक डेक्कन कॉलेजात शिकायला गेले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. पहिले वर्ष त्यांनी तालीम, पोहणे, व्यायाम यांत घालवले. अभ्यासाचे ते वर्ष मागे पडले. आईबापांना काय वाटले असते, तुम्हीच विचार करा! पण तिथे कमावलेले शरीर मंडालेच्या फळ्यांमध्ये उपयोगी पडले. पस्तीस वर्षांनी पीक हाती आले म्हणायचे.

आता मंडालेहून आपल्या खानदेशात येऊ. साल १९३२. कायदेभंगाची चळवळ जोरात होती आणि धुळ्याचा तुरुंग राजबंद्यांनी भरून गेला होता. जमनालाल बजाज तिथे होते, साने गुरुजी होते, आणि विनोबा होते.

मंडालेत टिळक एकटे होते, त्यांच्यावर कामाची सक्ती नव्हती. धुळ्याला उलट होते. माणसे पुष्कळ आणि तुरुंगाचे काम अंगावर. त्यातले मुख्य म्हणजे दळण. अमुक इतके धान्य दळलेच पाहिजे, ही शिक्षा. तरुण मंडळींना वाटे, आम्ही देशासाठी आलो, हे सरकारचे दळण आम्ही का दळावे? त्यावरून रोज कटकट, रोज तणतण. विनोबांनी वेगळा विचार मांडला. आपण जेवतो ना? मग जेवणाऱ्याने अंगमेहनत करावी हे सरकारने सांगायला कशाला हवे? सक्तीचे नको, आपण आपल्या मनाने ठरवून दळू. ठरले. मंडळी स्वखुशीने जात्यावर बसू लागली, स्वयंपाकघरही त्यांनी आपल्या हाती घेतले, आणि जेवण सुधारले.

श्रोतेहो, माझ्या आजच्या बोलण्याचा कणा हाच आहे. जाते तेच, धान्य तेच, हात तेच. सक्तीने फिरवले तेव्हा ती शिक्षा होती, ठरवून फिरवले तेव्हा तो नेम झाला. शिक्षेने माणूस थकतो. नेमानेही अंग थकते, पण मनाला उभारी येते. सक्तीची मेहनत माणसाला किती मोडते हे पाहायचे असेल तर अंदमान आठवा. तिथे राजबंद्यांना कोलूला जुंपून तेल काढायला लावत. त्यात कोणाला काय उभारी येणार? म्हणून 'काबाडकष्ट करा म्हणजे मन प्रसन्न राहील' असे मी मुळीच म्हणणार नाही. ते खोटे आहे. दिवसातला एक तुकडा तरी आपण स्वतः ठरवलेला असावा, एवढेच मी म्हणतो.

आमच्या आयाआज्यांना हे विनोबांच्या आधीपासून ठाऊक होते. पहाटे उठून दळणे ही त्यांच्यावर सक्तीच होती. कुणी विचारले नव्हते, दळतेस का बाई म्हणून. पण जाते फिरू लागले की त्यांनी ओवी सुरू केली. माहेरचे सुख, सासरचा जाच, भावाची वाट, विठ्ठलाची भेट, सारे त्या ओवीत ओतले. दळण दुसऱ्यांचे होते, ओवी त्यांची स्वतःची होती. मनातली मळमळ बाहेर काढायला जात्याइतकी सुरक्षित जागा त्यांना घरात दुसरी नव्हती. पुढे अशाच ओव्या गोळा करून साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' हा ग्रंथ सिद्ध केला.

धुळ्याच्या तुरुंगात दुसरा एक नेम सुरू झाला. २१ फेब्रुवारी १९३२, वार रविवार. त्या दिवशी विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले. पुढच्या रविवारी दुसरा अध्याय, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा. अठरा रविवार, अठरा अध्याय. १९ जूनला शेवटचा. साने गुरुजी समोर बसून भराभर लिहून घेत. तीच पुढे 'गीता प्रवचने' म्हणून देशभर गेली. आज आपल्याला ते पुस्तक दिसते. पण त्या बंद्यांना काय मिळाले असेल पहा. तुरुंगात सगळे वार सारखे. सोमवार काय आणि शुक्रवार काय! त्या रविवारने आठवड्याला एक चेहरा दिला. शनिवारी रात्री माणूस उद्याची वाट पाहू लागला. ज्याला उद्याची वाट पाहता येते, तो आतून अजून उभा आहे असे समजावे. आपल्या खेड्यांतला आठवड्याचा बाजार, एकादशीचे भजन, गुरुवारची आरती यांचे मोल नुसते सामानाचे किंवा पुण्याचे नाही. दिवस एकमेकांत विरघळू नयेत म्हणून मारलेल्या त्या खुंट्या आहेत.

साने गुरुजींनी पुढे नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू करून १३ फेब्रुवारीला संपवली. पाच दिवस! आईची आठवण त्यांनी मनात दाबून ठेवली नाही, कागदावर उतरवली. आणि ती महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. पण इथे मला एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर मी तुमची फसवणूक केली असे होईल. ज्या गुरुजींनी लाखो मुलांना धीर दिला, त्यांनी स्वतः ११ जून १९५० रोजी आपले जीवन संपवले. त्यांच्या मनात काय चालले होते याचा निवाडा मी करणार नाही, कोणीच करू नये. आपण त्यातून एवढेच घ्यावे की चांगल्या सवयी म्हणजे सर्व दुखण्यांवरचा ताईत नव्हे. मन फार खोल गेले, झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला, तर एकट्याने नेम करीत बसू नये. जवळच्या माणसाशी बोलावे, डॉक्टरकडे जावे. पाय मोडला तर आपण सूर्यनमस्कार घालत नाही, प्लॅस्टर घालून घेतो. मनाचेही तसेच आहे. आणि घरातले कोणी असे गप्प गप्प होऊ लागले, तर 'त्याला कामाला लावा' म्हणण्याआधी त्याच्याजवळ बसावे.

आता पुन्हा अहमदनगरच्या किल्ल्यात जाऊ, जिथे माझा तो विद्यार्थी दाराशी उभा आहे.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजींना पुण्याला आगाखान महालात ठेवले आणि कार्यकारिणीला या किल्ल्यात आणले. किती दिवस ठेवणार, काही सांगितलेले नाही. हे न सांगणेच फार वाईट असते. ज्याला शिक्षेची मुदत ठाऊक आहे तो भिंतीवर रेघा मारू शकतो. इथे रेघा कुठवर मारायच्या?

नेहरूंनी काय केले? कुदळ हातात घेतली. किल्ल्यातल्या त्या अंगणात फुलझाडांसाठी वाफे खणायला सुरुवात केली. जमीन कसली, नुसता दगडगोट्यांचा आणि जुन्या पडझडीचा राडा. खणता खणता जुन्या बांधकामांचे अवशेष लागत. तासन्‌तास, उन्हातसुद्धा, ते खणत असत. त्यांनी स्वतःच हे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या आरंभी सांगितले आहे. ग्रंथाला त्यांनी सुरुवात केली एप्रिल १९४४ मध्ये आणि पाच महिन्यांत, सप्टेंबरात, तो पुरा केला. म्हणजे किल्ल्यात येऊन वीस महिने झाल्यावर लेखणी चालू लागली. त्याआधी काय होते? वाचन होते आणि हा वाफा होता. तुम्ही शेतकरी मंडळी हे माझ्यापेक्षा चांगले जाणता. पेरण्याआधी जमीन उकरावी लागते.

पण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते मौलाना आझादांविषयी. ते त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. फार मोठे विद्वान, स्वभावाने एकांतप्रिय. त्यांचा नेम असा की पहाटे तीन-चार वाजता उठायचे, आपल्या हाताने चहा करायचा आणि सगळे जग झोपलेले असताना एकट्याने बसून तो घ्यायचा. चहाही आपला दुधासाखरेचा उकळलेला नव्हे. चिनी चहा, दूध न घालता. त्याच वेळी ते आपल्या एका मित्राला पत्रे लिहीत. ही पत्रे टपालात टाकता येणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. तरी लिहीत. सुटकेनंतर, १९४६ मध्ये, ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने उर्दूत प्रसिद्ध झाली.

त्या पत्रांत चिमण्यांची एक गोष्ट आहे. खोलीच्या आढ्याला चिमण्यांनी घरटी केली होती, दिवसभर कचरा पडे. मौलानांनी आधी त्यांच्याशी युद्ध मांडले. हाकून पाहिले, चिमण्या परत. शेवटी तह झाला. त्यांनी तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली. रोज दाणे, रोज थोडे जवळ. होता होता चिमण्या त्यांच्या हातावर येऊन दाणे टिपू लागल्या. देशाच्या काँग्रेसचा अध्यक्ष, बंदी, हातावर चिमणी घेऊन बसला आहे! हसू येते खरे, पण यात मोठी गोष्ट आहे. ज्याच्या हातातून सगळा अधिकार काढून घेतला, त्याला कोणाला तरी काही देता येत होते. दिवसातून एकदा कोणाला तरी मूठभर काही देणे, मग ते गाईला असो, पाखराला असो, शेजारच्या पोराला असो, हेही मनाचे खाद्य आहे.

मार्च १९४३ च्या अखेरीस त्यांच्या पत्नीचे दुखणे वाढल्याच्या बातम्या कलकत्त्याहून येऊ लागल्या. झुलेखा बेगम त्यांचे नाव. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले, सरकारला काही कळवायचे असेल तर कळवतो. मौलानांनी सरकारकडे मागणी करायला नकार दिला. ते रोजच्यासारखे उठत, रोजच्यासारखे सगळ्यांबरोबर जेवायला बसत, रोजच्यासारखे वर्तमानपत्राची वाट पाहत. आणि ९ एप्रिलला त्या गेल्या. त्यांच्या कबरीपाशी जायला मौलानांना सुटकेपर्यंत, १९४५ पर्यंत, थांबावे लागले.

पुढे पत्रात त्यांनी एक कबुली दिली आहे. बाहेरचा दिनक्रम जराही ढळू दिला नाही, पण अधिकाऱ्याच्या पावलांचा आवाज आला की छाती धडधडत असे. आणि तो जो शांतपणा मी दाखवत होतो त्यात अभिमानाचा, दिखाव्याचा भागही होता, असे ते सांगतात. केवढा प्रामाणिक माणूस! दुसरा कोणी असता तर आपल्या धैर्याची फुशारकी मारली असती. मला वाटते, आपण दोन्ही गोष्टी मनात ठेवाव्या. दिनक्रमाने त्यांना त्या दिवसांत सावरून धरले. आणि केवळ दिनक्रम सांभाळला म्हणजे दुःख संपले असे झाले नाही. ते कोणाजवळ तरी बोलावेच लागले, मग ते न पोचणाऱ्या पत्रात का असेना.

श्रोतेहो, आता थोडा हिशेब करू. ही माणसे मोठी होती, त्यांना पुस्तके मिळत होती, काहींना स्वयंपाकीही होते. साध्या कैद्याच्या वाट्याला यातले काही येत नसे, हे विसरता कामा नये. पण त्यांनी मन उभे ठेवायला जे वापरले ते पहा: ठरल्या वेळी उठणे, थोडे चालणे, हाताने काही करणे, रोज थोडे नवे वाचणे, आठवड्यातून एकदा चार माणसांत बसणे, कोणाला तरी काही देणे, मनातले कागदावर किंवा माणसाजवळ मोकळे करणे. यातल्या कशाला पैसा पडतो?

आजचे शास्त्रही याला दुजोरा देते. आपल्या शरीरात दिवस-रात्रीचे घड्याळ असते. ते कसे चालते याच्या शोधासाठी २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक दिले गेले. सकाळचा उजेड हे घड्याळ लावतो, आणि उठण्या-झोपण्याची वेळ रोज बदलली की ते बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढ माणसाला आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. म्हणजे रोज वीसपंचवीस मिनिटे भरभर चालले तरी पुष्कळ झाले. आणि मन उदास झालेल्या माणसाला रोजची छोटी कामे ठरवून देणे, ही मानसोपचाराची मान्य झालेली पद्धत आहे. बरे वाटले की उठेन, असे म्हणत बसलेला बसूनच राहतो. पुष्कळदा उठल्यावर बरे वाटते.

पण सगळ्यांना एकच नेम सांगता येत नाही. शाळेतल्या गुरुजींनी संध्याकाळी चालायला जावे. दिवसभर नांगर धरणाऱ्याला मी चालायला सांगितले तर तो हसेल, आणि बरोबर हसेल! त्याने हातपाय धुऊन अर्धा तास ओसरीवर निवांत बसावे, पोरांशी बोलावे, आणि रात्री मोबाईल उशाशी न ठेवता वेळेवर झोपावे. आणि घरातल्या बाईचे काय? तिचा सगळा दिवस दुसऱ्यांनी लावून दिलेला. पाणी, चूल, गुरे, शेत, पुन्हा चूल. आता दळण गिरणीत जाते, चांगले झाले, कष्ट वाचले. पण जात्याबरोबर ओवीची ती वेळही गेली. तिला 'तू नेम कर' असे सांगून भागणार नाही. घरच्यांनी तिला तिची वीस मिनिटे मोकळी करून दिली पाहिजेत. त्या वेळात तिने पोथी वाचावी, शेजारणीशी बोलावे, नाहीतर नुसते बसावे. तिचे ती ठरवील.

शिक्षकांना एक विनंती. सकाळी पहिल्या तासाला हजेरी घेऊन झाली की पाच मिनिटे मुलांना स्वतः ठरवलेले एक काम करू द्या. कोणी झाडाला पाणी घालील, कोणी कालची एखादी गोष्ट वहीत लिहील, कोणी कविता म्हणेल. रोज तेच, रोज त्याच वेळी. मात्र काय करायचे ते मुलाने ठरवायचे. तुम्ही ठरवून दिले की त्याचे दळण झाले म्हणून समजा.

शेवटी घरातली एक गोष्ट सांगतो. माझे वडील प्राथमिक शिक्षक. निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत नुसते वाळले. सकाळी दहा वाजले की दाराशी येऊन उभे राहत. शाळेची घंटा ऐकत आणि आत जात. आम्ही औषधे केली, गावोगाव हिंडवले. एक दिवस आपणच उठले आणि दोन बादल्या पाणी घेऊन शाळेच्या कुंपणाशी लावलेल्या रोपांना घालून आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कोणी सांगितले नव्हते. त्यातला एक कडुनिंब आज छपराच्या वर गेला आहे. वडील नाहीत. पण ती पुढची अकरा वर्षे त्यांनी आनंदात काढली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या मुलाने विचारले होते, इतके दिवस ह्यांनी केलं तरी काय? बाळ, त्यांनी रोज सकाळी उठून आपण ठरवलेले एक काम केले. तूही एखादे ठरव. मोठे नको. उद्या जमेल, आणि परवाही जमेल, एवढेच.